बरोक धाटणीचं व्यक्तिचित्र एचिंगमध्ये: चेहरा करपू न देता प्लेट कशी करावी

एचिंग म्हणजे धातूच्या प्लेटवर लावलेल्या थरात सुईने रेषा उघडायच्या, त्या आम्लाने कोरायच्या आणि शाई भरून कागदावर छापायच्या. या पद्धतीने व्यक्तिचित्र करायला घेतलं की बहुतेकांचा पहिला प्रूफ (चाचणी छाप) एकाच तऱ्हेने फसतो. केस जमलेले, कोटाच्या चुण्या जमलेल्या, आणि चेहरा मात्र काळवंडलेला. खापर आम्लावर फुटतं, पण घोळ बहुधा कामाच्या क्रमात झालेला असतो. सतराव्या शतकातल्या, म्हणजे बरोक काळातल्या, व्हॅन डायक किंवा रेम्ब्राँ या चित्रकारांची व्यक्तिचित्रं भिंगातून पाहा. चेहऱ्यावर सुईचं काम सगळ्यात दाट आणि आम्लाचं काम सगळ्यात उथळ दिसतं. कपड्यांत नेमकं उलट: रेषा मोजक्या, पण खोल. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीसाठी आखले आहेत.

एचिंगची एखादी प्लेट तुम्ही आधी केली आहे आणि प्रेस असलेल्या स्टुडिओत काम करता, असं धरून चाललो आहे. अगदी पहिलीच प्लेट असेल तर चेहऱ्याच्या वाटेला जाऊ नका. आधी एखादा तांब्या, एखादी खुर्ची करा.

## टप्पा 1: उजेड आणि आराखडा

बसणाऱ्या माणसावर उजेड एकाच बाजूने आणि किंचित वरून पडू द्या. खिडकी उत्तम. फ्लॅश मारलेला फोटो कामाचा नाही, त्यात नाकाची सावलीच नसते आणि मग ती मनाने घालावी लागते. मनाने घातलेली सावली ओळखू येते. फ्रान्समधला त्याच काळातला खोदकार रोबेर नांतय आधी माणसाला समोर बसवून रेखाटन करायचा आणि मगच प्लेटकडे वळायचा. फोटोवरून करणार असाल तरी एक पूर्ण आकाराचं रेखाटन हातून होऊ द्या. थेट फोटो ट्रेस करून प्लेटवर उतरवला की बाह्यरेषा हुकमी येते आणि गालाचं हाड हरवतं.

आता पाच सेंटिमीटरचं एक चिमुकलं रेखाटन करा, फक्त तीन छटांत: कोरा कागद, मधला करडा, काळा. कोरा कागद कुठे राहणार हे इथेच ठरतं. सहसा कपाळाची उजेडाकडची बाजू, नाकाचा कणा, गालाचा उंचवटा आणि गळपट्टी किंवा कॉलर. पार्श्वभूमीचाही निर्णय इथेच घ्या. उजेडातल्या गालामागे थोडी गडद छटा आणि सावलीतल्या गालामागे उजळ छटा, ही त्या काळातली हमखास युक्ती. तिच्यामुळे चेहऱ्याभोवती जाड बाह्यरेषा काढायची गरज पडत नाही.

प्लेट साधारण 15 × 20 सेंटिमीटर घ्या आणि डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत पाच-सहा सेंटिमीटर ठेवा. रेम्ब्राँने 1630 च्या सुमारास स्वतःच्या चेहऱ्याचे हावभाव याहून कितीतरी लहान प्लेट्सवर टिपले. पण ते चार-दोन रेषांत पकडलेले भाव आहेत, आणि त्यांच्याकडे पाहून सुरुवात करणारे फसतात. जागा कमी पडली की रेषा एकमेकींना चिकटतात.

तपासा: छोटं रेखाटन दोन मीटरवर ठेवून बघा. माणूस कोणत्या दिशेला पाहतोय आणि उजेड कुठून येतोय हे कळत नसेल तर प्लेट कापू नका.

## टप्पा 2: प्लेट

तांबं घ्या, 18 गेजचं, म्हणजे साधारण 1.2 मिलिमीटर जाडीचं. आपल्याकडे झिंक स्वस्त पडतं म्हणून अनेकांचा हात त्यावरच बसलेला असतो. मोठ्या, रांगड्या चित्राला ते चालतं. पण नायट्रिक आम्लात झिंकवरची रेषा दोन्ही अंगांनी खरखरीत होत पसरते आणि गालावरचे बारीक ठिपके एकमेकांत मिसळतात. तांब्यावर फेरिक क्लोराइड (पुढे 'आम्ल' म्हटलंय ते हेच) रेषेला सरळ खाली खात जातं. व्यक्तिचित्रासाठी खर्च करायचा तो इथे.

कडा कानशीने साधारण 45 अंशांत उतरत्या करा, मग स्क्रेपर (खरवडायचं हत्यार) आणि बर्निशर (घासून गुळगुळीत करायचं पोलादी हत्यार) फिरवा. धारदार राहिलेली कड कागद फाडते आणि प्रेसचं फेल्टही कापते. पृष्ठभाग 400, 600, 800, 1200 या क्रमाने पाण्याच्या पॉलिश पेपरने घासा आणि शेवटी ब्रासोने पुसा. निसर्गदृश्यात एखादा ओरखडा खपून जातो. कपाळावर तो जखमेसारखा छापला जातो.

मग तेलकटपणा काढा: खडूची पूड आणि थोडा पातळ अमोनिया, कापसाने, सगळीकडे, कडांनाही.

तपासा: प्लेट नळाखाली धरा. पाण्याचा एकसंध पडदा राहिला पाहिजे. पाणी थेंब होऊन मागे सरकत असेल तर तिथे तेल आहे, आणि ग्राउंड (प्लेटवरचा आम्ल अडवणारा थर) सुटणार तेही तिथेच.

## टप्पा 3: ग्राउंड, आणि सोबत चाचणी पट्टी

हार्ड ग्राउंड म्हणजे मेण, राळ आणि बिट्युमेन. प्लेट हॉट प्लेटवर इतकीच तापवा की गोळा टेकवताच वितळेल, पण धूर येणार नाही. रोलरने पातळ थर पसरा. चेहऱ्यासाठी थर खरोखर पातळ हवा, जाड थरात सुई ओढताना कडा ढलपीसारख्या उडतात. प्लेट गरम असतानाच पालथी धरून खालून मेणबत्त्यांच्या जुडग्याची काजळी द्या आणि ज्योत सतत हलती ठेवा. नीट काजळी धरलेलं ग्राउंड काळं आणि चकचकीत दिसतं. मंद, राखाडी दिसलं तर ते जळलं आहे. केरोसिनने पुसून पुन्हा लावा. जळक्या ग्राउंडवर डागडुजी होत नाही.

याच तांब्याची तीन सेंटिमीटर रुंदीची एक पट्टी कापून तिलाही हेच ग्राउंड लावा. तिचे पाच भाग पाडा आणि प्रत्येक भागात तीन गोष्टी काढा: सुटे ठिपके, विरळ समांतर रेषा, दाट आडव्या-उभ्या रेषा. पट्टी आम्लात सोडा आणि 5, 10, 20, 40 मिनिटांनी एकेक भाग झाका. शेवटचा 80 मिनिटांना बाहेर काढा. पट्टी छापून डोळ्यांसमोर टांगा. दुसऱ्याच्या वेळा तुमच्या उपयोगाच्या नाहीत, कारण आम्ल किती जुनं आहे आणि खोली किती गरम आहे यावर सगळं ठरतं. मे महिन्यातल्या मुंबईत जे दहा मिनिटांत होतं त्याला जानेवारीतल्या नाशकात जास्त वेळ लागतो.

ही पट्टी जवळजवळ सगळे टाळतात. टाळू नका.

## टप्पा 4: उलटसुलट

छाप प्लेटच्या उलटा येतो हे सगळ्यांना माहीत असतं, तरी चूक होतेच. रेखाटन ट्रेसिंग पेपरवर घ्या आणि कागद *पालथा* करून प्लेटवर ठेवा. मध्ये गेरू चोळलेला पातळ कागद ठेवा, गेरूची बाजू खाली. बोथट पेन्सिलीने हलक्या हाताने गिरवा, ग्राउंडला खड्डा पडता कामा नये. डोळ्यांच्या कडा, नाकाचा शेंडा, ओठांची फट, कानाची पाळी, हनुवटी आणि खांद्यांची दिशा एवढंच उतरवा. बाकी सगळं सुईवर सोडा.

काम करताना मूळ रेखाटन आरशासमोर ठेवून आरशात पाहत राहा, म्हणजे प्लेटशी ते थेट जुळतं.

तपासा: आजीचं चित्र असेल तर प्लेटवर पदर उजव्या खांद्यावर दिसला पाहिजे, तरच छापात तो डाव्या खांद्यावर येईल. पुरुषाचं असेल तर केसांचा भांग आणि शर्टाची बटणपट्टी बघा. गालावरचा तीळ मात्र हमखास विसरला जातो. आणि घरचे पहिलं बोट तिथेच ठेवतात.

एक अपवाद आहे. आरशात बघून थेट प्लेटवर स्वतःचं चित्र काढत असाल तर काहीही उलटवू नका. आरसा एकदा उलटवतो, छाप पुन्हा उलटवतो, आणि इतरांना तुम्ही जसे दिसता तसे कागदावर येता. सही आणि साल तेवढे उलटे लिहा.

## टप्पा 5: सुईकाम

सुईचं टोक बारीक पण गोलसर हवं. नखावरून सहज घसरलं पाहिजे, रुतता कामा नये. सुईने ग्राउंड तेवढं उघडायचं, धातू खोदायचा नाही.

आणखी एका गोष्टीची सवय लागायला वेळ जातो. काळ्या ग्राउंडवर रेषा तांबूस चमकते, म्हणजे सावली जितकी दाट काढाल तितकी ती जागा उजळ दिसते. प्लेट पाहून छटांचा अंदाज बांधू नका. टप्पा 1 मधलं चिमुकलं रेखाटन शेजारी चिकटवून त्यावर भरवसा ठेवा.

क्रम असा: चेहरा, केस, गळपट्टी, कपडे, हात, आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. पार्श्वभूमी आधी भरली की चेहरा तिच्या तोडीस तोड काळा करण्याचा मोह होतो.

चेहऱ्याची सुरुवात डोळ्यांपासून. वरच्या पापणीची रेषा ठळक, खालच्या पापणीला जवळपास रेषाच नको, चार-पाच ठिपके पुरतात. बुबुळातला चमकबिंदू कोरा सोडायचा, त्याभोवती गोल काढला की डोळा काचेच्या गोटीसारखा होतो. नाकाच्या उजेडाकडच्या बाजूला बाह्यरेषा काढू नका. नाक दिसतं ते नाकपुडीमुळे आणि पलीकडच्या सावलीमुळे. ओठांमधली रेघ कोपऱ्यांत गडद आणि मध्ये तुटक ठेवा. एका दमात ओढलेली अखंड रेघ तोंड शिवल्यासारखी दिसते.

गाल आणि कपाळ यांसाठी व्हॅन डायककडून शिकण्यासारखं खूप आहे. 1630 च्या दशकात त्याने आपल्या चित्रकार मित्रांची आणि स्वतःची मोजकी व्यक्तिचित्रं स्वतःच्या हाताने एच केली. त्यांत उजेडातून सावलीकडे जाताना आधी सुटे ठिपके येतात, मग ठिपके लांबून आखूड रेषा होतात, मग त्या गालाच्या गोलाईने वळतात, आणि जबड्याखाली कुठे एकमेकींना छेद देतात. कपड्यांवर हाच हात एकदम मोकळा सुटतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर असे छाप मोठ्या आकारात फुकट पाहता येतात. एकाच गालावर झूम करून तो तुकडा कागदावर टाकाने उतरवून काढा. नुसतं बघून हात तयार होत नाही.

ठिपका देताना सुई उभी धरा आणि किंचित दाबा, नाहीतर एवढ्याशा भोकात आम्ल धड शिरत नाही आणि अर्धे ठिपके छापात गायब होतात. रेषांची दिशा आकाराबरोबर फिरू द्या: कपाळावर आडवी कमान, गालावर तिरपी, मानेवर आडवा वळसा. सगळीकडे एकाच कलाने रेषा ओढल्या तर चेहरा चटईसारखा सपाट होतो.

सावध: जिथे आम्ल जास्त वेळ चालणार आहे तिथे रेषा *एकमेकींपासून दूर दूर* ठेवा. आम्ल रेषेला खाली नेताना थोडं बाजूलाही खातं. दाट रेषा खोल गेल्या की मधल्या भिंती पडतात आणि तिथे उघडा खड्डा तयार होतो. खड्ड्यात शाई टिकत नाही, म्हणून जिथे गडद काळं हवं होतं नेमकं तिथे राखाडी डाग येतो. कोटाच्या काळ्या भागात ही फजिती ठरलेली.

फ्रेंच खोदकार क्लोद मेलाँने 1649 मध्ये येशूचा चेहरा नाकाच्या शेंड्यापासून निघणाऱ्या एकाच चक्राकार रेषेत खोदला. तो पाहून सुईने तसं करायचा हुरूप अनेकांना येतो. ती रेषा ब्युरिनची, म्हणजे धातू थेट खोदणाऱ्या धारदार हत्याराची आहे. ब्युरिन कमी-जास्त खोल ढकलला की रेषा फुगते, बारीक होते. सुईची रेषा सगळीकडे जवळपास सारख्याच जाडीची राहते आणि तिला जाडी मिळते ती आम्लाच्या वेळेतून. दोन्हींची गल्लत केली की हाती काहीच लागत नाही.

## टप्पा 6: आम्ल, चार डुबक्यांत

मागची बाजू आणि कडा पॅकिंग टेपने बंद करा. ग्राउंडमधली टाचणीएवढी भोकं उजेडात तिरपी धरून शोधा आणि चपड्याच्या (शेलॅकच्या) द्रावणाने भरा. फेरिक क्लोराइड 40 ते 42 बोमे घनतेचं घ्या. प्लेट उभी सोडा, किंवा टेपच्या झोळीत पालथी लटकवा. उताणी ठेवली तर रेषांत गाळ साचून आम्लाचं काम थांबतं.

सावध: तांब्याच्या फेरिकमध्ये झिंकची प्लेट कधीही बुडवू नका. द्रावण तापतं, वायू सुटतो आणि फेसाळून बाहेर येतं. हातमोजे आणि चष्मा हवाच. वापरलेल्या फेरिकमध्ये तांबं उतरलेलं असतं, ते मोरीत ओतू नका, स्टुडिओच्या टाकाऊ रसायनांच्या कॅनमध्ये जमा करा. नायट्रिकचं काम राहत्या घरात करूच नका.

खालच्या वेळा नमुन्यादाखल आहेत. खऱ्या वेळा तुमची पट्टी सांगेल.

1. सगळी प्लेट, 8 मिनिटं. बाहेर काढा, धुवा, टिपकागदाने टिपा, घासू नका. आता कपाळ, नाकाचा कणा आणि उजेडातल्या गालावरचे ठिपके चपड्याने झाका.
2. एकूण 16 मिनिटांपर्यंत. आता सावलीसकट पूर्ण चेहरा झाका. उघडी राहतील फक्त बुबुळं, नाकपुड्या, वरच्या पापण्या आणि ओठांचे कोपरे. गळपट्टीही झाका.
3. एकूण 40 मिनिटांपर्यंत. चेहऱ्यात जे काही उघडं होतं ते झाका. केसांतले उजळ भाग, हात आणि पार्श्वभूमीची हलकी बाजू झाका.
4. एकूण 70 ते 80 मिनिटांपर्यंत. कोटाच्या चुण्यांचा तळ, केसांखालची सावली आणि पार्श्वभूमीचा गडद कोपरा.

दुसऱ्या डुबकीनंतर हात थरथरतो. "चेहरा फिका तर नाही ना राहणार?" असं वाटतं आणि माणूस आणखी पाच मिनिटं देतो. देऊ नका. फिका चेहरा नंतर गडद करता येतो, करपलेला उजळायला दिवस जातात.

चपडा लावताना आणखी एक चूक होते. चेहऱ्याभोवती ब्रशने सरळ हद्द आखली की ती छापात गालावर पट्टीसारखी उमटते. हद्द तुटक ठेवा, रेषांच्या दिशेने ब्रशची बोटं आत-बाहेर जाऊ द्या. आणि चपडा पूर्ण वाळू द्या, ओला असताना बुडवलेली प्लेट म्हणजे ती डुबकी वाया.

तपासा: प्रत्येक डुबकीनंतर सुईचं टोक रेषेवरून आडवं, अलगद फिरवा. कोटाच्या रेषेत ते अडखळलं पाहिजे, कपाळाच्या ठिपक्यात जेमतेम जाणवलं पाहिजे.

शेवटी चपडा स्पिरिटने आणि ग्राउंड केरोसिनने काढा. रेषांत उरलेला तपकिरी थर मीठ-व्हिनेगरने निघतो.

## टप्पा 7: पहिला प्रूफ वाचणं

प्लेट हाताला सोसेल इतकी गरम करा आणि घट्ट काळी शाई पुठ्ठ्याच्या तुकड्याने रेषांत दाबून भरा. जाळीदार कडक मलमलीने गोल गोल पुसा, शेवटी खडू लावलेल्या तळहाताने. रेम्ब्राँ कधी कधी मुद्दाम शाईचा पातळ पडदा प्लेटवर राखायचा. पहिल्या प्रूफला तो मोह आवरा. पडदा राहिला की कुठे रेषा कमी पडल्या ते झाकलं जातं.

कागद सुती, 250 ते 300 जीएसएमचा, अर्धा तास भिजवून टिपलेला. पृष्ठभागावर पाण्याची चकाकी दिसत असेल तर अजून टिपा.

प्रूफ दोन मीटरवर टांगा, मग उलटा करून टांगा. आणि अशा खुणा शोधा:

- रेषा तुटक, पण प्लेटवर मात्र सलग: कागद कोरडा किंवा दाब कमी. प्लेटला हात लावू नका.
- ठिपके गायब: सुई दाबली गेली नाही. पुन्हा पारदर्शक ग्राउंड लावून भरता येतील.
- काळ्यात राखाडी डाग: टप्पा 5 मधला खड्डा.
- चेहरा आणि कोट सारखेच काळे: दुसऱ्या डुबकीनंतर चेहरा झाकायला उशीर झाला.
- चेहरा ठीक, पण पार्श्वभूमीत बुडालेला: पार्श्वभूमी बर्निशरने हलकी करा, चेहरा गडद करू नका.

## टप्पा 8: दुरुस्ती

आधी वजाबाकी, मग बेरीज. जास्त गडद भागावर तेलाचा थेंब टाकून बर्निशर फिरवा, रेषा उथळ होत जातात. पूर्ण घालवायची असेल तर स्क्रेपरने खरवडा, मग पॉलिश करा. तिथे खळगा पडला तर मागून हातोडीने हलके ठोके देऊन तांबं वर आणा.

गडदपणा वाढवायला ड्रायपॉइंट (आम्लाशिवाय सुईने थेट तांब्यावर ओरखडणं) आणि ब्युरिन. 1647 च्या यान सिक्सच्या व्यक्तिचित्रात रेम्ब्राँने एचिंग, ड्रायपॉइंट आणि ब्युरिन तिन्ही वापरले. खिडकीशी टेकून वाचत उभा असलेला तो तरुण आणि त्याच्याभोवतीचा मखमली अंधार, असा अंधार नुसत्या आम्लाने येत नाही. ड्रायपॉइंटची सुई तांब्याची जी बारीक कड वर उचलते तिच्यात शाई अडकते आणि मखमल दिसते. चेहऱ्यात मात्र ड्रायपॉइंट अगदी जपून: बुबुळाची वरची कड, नाकपुडीचा तळ, बस. गालावर एकच रेघ ओढली तरी दाढीचे खुंट उगवल्यासारखे दिसतात.

ब्युरिन चालवताना हात स्थिर ठेवा आणि वळणावर प्लेट फिरवा, तीही कातड्याच्या उशीवर. धार नखावर टेकवून बघा: घसरली तर घासायला न्या.

प्रत्येक बदलानंतर एक प्रूफ काढा, मागे तारीख आणि काय बदललं ते पेन्सिलीने लिहा. रेम्ब्राँने केलेल्या, छापचित्रांचा विक्रेता क्लेमंट द यॉन्गच्या व्यक्तिचित्राच्या प्लेटचे वेगवेगळ्या अवस्थांतले छाप एकाशेजारी एक ठेवले तर माणूस तोच, पण चेहऱ्यावरचा भाव मात्र पालटत गेलेला दिसतो. डोळ्याभोवती रेषा वाढवताना हेच तुमच्याही हातून होईल, नकळत. जुना प्रूफ शेजारी असेल तर ते वेळेत ध्यानात येतं.

आणि कुठे थांबायचं? व्हॅन डायकने स्वतःचं जे व्यक्तिचित्र एच केलं त्यात डोकं तेवढं पूर्ण आहे, बाकी प्लेट जवळजवळ मोकळी. पुढे दुसऱ्या खोदकाराने तिच्यात धड, चौथरा आणि अक्षरं घालून व्हॅन डायकच्या व्यक्तिचित्रांच्या संग्रहाच्या 1645 च्या आवृत्तीचं शीर्षकपान तयार केलं. दोन्ही छाप समोर ठेवून बघा, आणि मग कोटाची उरलेली बटणं काढायची का ते ठरवा.

## टप्पा 9: छपाई आणि प्लेटची निगा

ड्रायपॉइंटची कड प्रत्येक छापाबरोबर दबत जाते, म्हणून ते काम अगदी शेवटी करा आणि मखमल आहे तोवरचेच छाप आवृत्तीत घ्या. प्रेस एकदा सुरू केली की प्लेट पलीकडे निघेपर्यंत मध्ये थांबवू नका, थांबलात तिथे आडवी खूण उमटते. छाप टिपकागदांच्या मध्ये, वर सपाट वजन ठेवून वाळवा आणि कागद रोज बदला.

काम संपल्यावर रेषांतली शाई केरोसिन आणि मऊ ब्रशने पूर्ण काढा. वाळलेली शाई सगळ्यात आधी चेहऱ्याचे ठिपके बुजवते, कारण तेच सगळ्यात उथळ असतात. व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा, आम्लरहित कागदात गुंडाळा आणि प्लेट उभी ठेवा. एकावर एक रचू नका.